हात न लावायच्या दोन पट्ट्या

४ फेब्रुवारी

ताई,

वरती सप्रेम नमस्कार वगैरे जे काय घालायचं असतं ते तू तुझ्या मनाने घालून घे. दहावीला पत्रलेखनाला पाच मार्क होते, त्यातले मला दोन मिळाले, तेही दुसऱ्या खेपेला.

पत्र तुझ्या शिवणाच्या कारखान्यावर पाठवतेय. घरच्या फोनवर भावजी येतात आणि “ती कामात आहे” म्हणतात. तीन वर्षं झाली, तू कामातच आहेस. मुंग्यासुद्धा मधे कधीतरी बसत असतील गं.

दुकान आहे तसंच आहे. बाबा हल्ली स्टुलावर बसून नुसते गुलाबाचे काटे काढतात. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. सकाळी गाडी आली की गठ्ठे मी उतरवते, देठ तिरके मी छाटते, बादल्या मी भरते आणि सायकलवरून पोचवतेही मीच. समोरच्या हॉस्पिटलने अजून दोन मजले चढवलेत. त्यामुळे आपल्याकडे ‘लवकर बरे व्हा’चे गुच्छ वाढले आणि पुष्पचक्रंही वाढली. बाबा म्हणतात, “बरं झालं, माणूस कुठल्याही दाराने बाहेर पडू दे, आपल्यासमोरूनच जातो.”

तक्ता अजून भिंतीवर आहे. तोच, प्लायवूडचा, खिळ्यांचा. फूल काढलेलं कार्ड वरती, खाली खिळ्याला लटकवलेली अर्थाची पट्टी. आठवतं ना, कसा सुरू झाला? मी चौदा वर्षांची होते. एका साहेबांनी विचारलं, “ह्या फुलाचा अर्थ काय होतो?” मी डोळ्याची पापणी न हलवता म्हटलं, “मी चुकलो, मला माफ कर.” दोन दिवसांचा जर्बेरा होता, मान टाकायला लागलेला. साहेबांनी अख्खी बादली उचलली. तेव्हापासून दर सोमवारी जी बादली कोमेजायला आली तिच्या खिळ्याला मी ‘मला माफ कर’ लटकवते. माफी मागायला आलेला माणूस फुलं निरखून बघत नाही. जांभळ्या स्टॅटिसला कायम ‘तुझी आठवण’, कारण ते वाळलं तरी तसंच दिसतं. ग्लॅडिओलाला ‘ताठ उभा राहा’. बाबांचं म्हणणं अजून तेच आहे, “फुलाला अर्थ नसतो, वय असतं.” पण पट्ट्या काढ म्हणत नाहीत.

खोड्या कमी केल्यात. गेल्या महिन्यात फक्त एक केली. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांचा सत्कार होता, त्यांच्या गुच्छात मी गजराचं घड्याळ खोचलं. भाषण ऐन रंगात असताना वाजलं. सगळ्यात आधी टेबलाखाली कोण गेलं, तर डॉक्टर. रुग्णांना धीर द्या, रुग्णांना धीर द्या, असं त्यांचं भाषण चाललं होतं म्हणे.

हसलीस का? नसशील. बरं.

तुझी विंचू

(अजून सगळे हेच म्हणतात. बाबांच्या बुटात एकदा कागदाचा विंचू ठेवला तर जन्माचं नाव पडलं.)

ता.क. आपल्यापासून तिसऱ्या गाळ्यातला चष्मेवाला समोर चौथ्या मजल्यावर ॲडमिट आहे. रक्ताचं काहीतरी. तुला काय त्याचं. मी आपलं सांगितलं.



९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही आलं. चालेल. मी लिहिते, तू वाचू नकोस, असं ठरवू. म्हणजे दोघींची सोय.

मी त्याला बघून आले. गुच्छ पोचवायला गेलेच होते, म्हटलं चौथ्या मजल्यावर डोकावू. मूठभर शेवंती घेतली होती. दाराशीच सिस्टरने अडवलं.

“ताजी फुलं आत नाहीत.”

“का? चावतात?”

“देठाला, पाण्याला जंतू असतात. ह्या वॉर्डातल्या लोकांच्या अंगात लढायला कुणी शिल्लक नाही.”

“मग मी पण नको?”

“तू हात धू, मास्क लाव, गाऊन घाल. तुला धुता येतं, फुलाला येत नाही.”

तू मला ओळखतेस. मला धुऊन निघेल असं काय आहे?

दाराला काच आहे, वहीच्या पानाएवढी. त्यातून त्याचा पलंग दिसतो. आधी मी त्याला ओळखलंच नाही. केस नाहीत, भुवया नाहीत, नुसता चष्मा. तोच जाड काळ्या काड्यांचा. तोंड लहान झालंय आणि चष्मा तेवढाच राहिलाय. जन्मभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवले, आता स्वतःचा घसरतोय.

त्याने इकडे बघितलं. माझ्या हातातल्या मुठीत पांढऱ्या, पिवळ्या, तपकिरी सगळ्या शेवंत्या होत्या. मी त्यातली एक पिवळी काढली आणि काचेला लावली. का लावली, मला विचारू नकोस. हात आपोआप गेला. तो उठून बसला. सिस्टर ओरडली तरी बसला.

मग मी फुलं बाहेर ठेवली, गाऊन घातला आणि आत गेले.

“तिने पाठवलं?” त्याने विचारलं. कोण ती, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

“हो,” मी म्हटलं.

ताई, तोंडातून निघून गेलं. माझं तोंड म्हणजे फाटकी पिशवी, आत काही ठरतच नाही.

“पिवळी म्हणजे काय गं? तक्त्यावर काय होतं?”

“मी तयार आहे.”

त्याने चष्मा काढला आणि चादरीच्या टोकाने पुसत बसला. चष्म्याचा धंदा केलेला माणूस चादरीने काच पुसत नाही. चरे पडतात. एवढं मलाही माहितेय.

आता रोज चारला मी काचेपाशी पिवळी शेवंती धरून उभी राहते. तुझ्या नावाने. तुला राग आला असेल तर तसं कळव. दोन ओळी लिही. एकच लिही. नुसती शिवी लिहिलीस तरी मी तिचा अर्थ ‘पत्र मिळालं’ असा लावीन.

विंचू



१५ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. बाबा म्हणाले, “अभ्यासाला एवढे कागद फाडले असतेस तर आज कुठे असतीस.” म्हटलं, रद्दीच्या दुकानात.

सांगायचं आहे. जरा आजूबाजूला फिरून घेते, मग सांगते.

काल त्याने मला बसवून घेतलं. म्हणाला, “तुझ्या ताईने तुला कधी सांगितलं का, ती त्या दिवशी का आली नाही?”

“कुठे?”

“स्टँडवर. साडेपाचची गाडी होती. दोन तिकिटं काढली होती. दुपारी तुझ्याच हातात फूल दिलं होतं, ताईला दे म्हणून. तयार असलो तर ज्या शेवंतीखाली ‘मी तयार आहे’ लिहिलंय ती, जमणार नसेल तर ‘मला विसर’वाली, असं आमचं ठरलं होतं. मला फुलांतलं ओ का ठो कळत नाही. ती म्हणाली होती, लक्षात ठेवू नकोस, भिंतीवर वाच आणि घे. मी भिंतीवर वाचलं आणि घेतलं. ती आली नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “का नसेल आली?”

मी म्हटलं, “काय माहीत.” आणि गाऊनची नाडी सोडत बसले. ती सुटेना.

ताई, तेव्हा बाबांनी तुझा फोन काढून घेतला होता, तुला दुकानात यायची बंदी केली होती आणि तू घरी मागच्या खोलीत बसून पुष्पचक्रांच्या कड्या गुंडाळायचीस. पण घरात कोंडायच्या आदल्या सोमवारी तू मला तक्त्यापाशी धरलंस आणि बोट दाखवून म्हणालीस, “बाकीच्या हव्या तशा फिरव. शेवंतीच्या ह्या दोन पट्ट्यांना हात लावलास तर हात तोडीन.” पिवळीखाली ‘मी तयार आहे’. पांढरीखाली ‘मला विसर’. मी तेव्हाच म्हटलं होतं, ‘मला विसर’ कोण विकत घेणार? तू म्हणालीस, असू दे.

मी सोळा वर्षांची होते. मला कुणी सांगितलं की हात लावू नकोस, तर माझ्या हाताला मुंग्या यायच्या. तुला ते माहीत होतं. तुझी काही चूक नाही, मी नुसतं म्हणतेय.

त्या दिवशी दुपारी तो रस्ता ओलांडून येताना दिसला. बाबा मागे पाणी भरत होते. मी दोन्ही पट्ट्या काढल्या आणि उलट्या लावल्या.

तुम्हा दोघांचं काहीतरी आहे हे मला माहीत होतं. काय ठरलंय ते माहीत नव्हतं, देवाशप्पथ. मला वाटलं, तो गोडगोड काहीतरी वाचून घेईल, तुझ्या हातात ‘मला विसर’ पडेल, तू त्याला झापशील आणि त्याच्या चष्म्यावर धुकं धरेल. मी दोन दिवस हसेन. एवढंच होतं.

त्याने तक्ता वाचला, बोट लावून वाचला, आणि पांढरी शेवंती घेतली. एकच. मी ती सायकलच्या टोपलीत टाकून घरी आले. तुझ्या हातात दिली. म्हटलं, “चष्मेवाल्याने पाठवलंय,” आणि दाराच्या आड थांबले, तू काय करतेस ते बघायला.

तू काहीच केलं नाहीस. पेल्यात पाणी घेतलंस, फूल त्यात ठेवलंस. मग पलंगाखालून बॅग ओढलीस, कपडे काढलेस आणि एकेक घडी घालून परत कपाटात लावलेस. तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण मी दाराआडून बाहेर आले नाही. गंमत संपली होती आणि संपलेल्या गंमतीचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी तू बाबांना म्हणालीस, “बोलवा त्या लोकांना. मी तयार आहे.” अकरा दिवसांनी लग्न झालं. लग्नाच्या दिवशी माझ्या सायकलची चेन पडली, ती भावजींनी बसवून दिली आणि तसेच काळे हात घेऊन फोटोत उभे राहिले. मला तेव्हा ते आवडले होते. आवडले म्हणून बोलले नाही की घाबरले म्हणून, हे आता मलाच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत पट्ट्या जागच्या जागी लावल्या होत्या. कुणाला काही कळलं नाही. तुला वाटतंय की त्याने नाही म्हटलं. त्याने नाही म्हटलं नव्हतं, ताई. नाही मी म्हटलं होतं.

सिस्टर म्हणते, आठवडा, फार तर दोन.

आता शिवी दे.

विंचू



१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांत पहिलं. चार ओळी. मी इतक्यांदा वाचल्यात की पोस्टमनलाही पाठ झाल्या असतील. ‘२४ ला सकाळी निघते. ह्यांना निघताना सांगेन की परत येणार नाही. त्याला सांग, थांब म्हणावं. तुझ्याशी नंतर बोलते.’

‘तुझ्याशी नंतर बोलते’ ह्याच्यात किती थपडा आहेत ते मोजायला मी गाल तयार ठेवलाय.

मी धावत चौथ्या मजल्यावर गेले. फूलबिल काही नेलं नाही. त्याला तुझ्या चार ओळी वाचून दाखवल्या. आणि त्याच दमात पट्ट्यांचंही सांगून टाकलं, म्हटलं आता तुझ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

नळीतून थेंब पडत होते, ते मी मोजले. एकसष्ट.

मग तो बोलला. बोलला ते मी इथे लिहू शकत नाही. त्याने माझ्याकडून शब्द घेतलाय.

मला एवढंच विचारायचंय, तू भावजींना अजून सांगितलं नाहीयेस ना? निघतानाच सांगणार आहेस ना? मग तोवर सांगू नकोस. उद्या पण नको, परवा पण नको. बॅग छोटीच भर. ये, भेट, पण चार दिवसांसाठी येतेय म्हणून ये. का, ते विचारू नकोस.

मला माहितेय, हे सगळं विचित्र वाटतंय. आधी मीच तुझ्या नावाने काचेला चिकटले होते. पण तू लहानपणी म्हणायचीस ना, विंचू गप्प बसली की समजायचं कुठेतरी काहीतरी ठेवलंय. तसं समज.

विंचू



२२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र पोस्टाने नाही. फुलांच्या गाडीचा ड्रायव्हर तुझ्या बाजूने परत जातो, त्याच्या हातात देतेय. उद्या दुपारपर्यंत कारखान्यावर देतो म्हणालाय. त्याला बजावलंय की फक्त तुझ्याच हातात द्यायचं. तो म्हणाला, “फूल देऊ का सोबत?” मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो गप गाडीत बसला.

चष्मेवाला गेला. काल दुपारी तीनच्या सुमाराला. मी तेव्हा देठ छाटत होते. चारला नेहमीप्रमाणे वर गेले तर काचेतून पलंग दिसला, गादी उलटी घातलेली. सिस्टर म्हणाली, “फार त्रास नाही झाला.” त्या सगळ्यांना तेच सांगत असणार. चष्मा खिडकीच्या कठड्यावर होता. त्याचा मामा आलाय, त्याच्याकडे दिला.

आता शब्द मोडते. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडू नये म्हणतात. पण जिवंत माणसाचं घर मोडण्यापेक्षा ते बरं. निदान माझ्या बुद्धीला तरी तसं वाटतं, आणि माझी बुद्धी किती ते तुला माहितेय.

त्या दिवशी मी पट्ट्यांचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मला माहितेय.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या दिवसापासून. सकाळी तुमच्या दुकानावरून जाताना सहज तक्ता बघितला. मी पांढरी नेली होती. आणि पांढरीखाली लिहिलं होतं, मला विसर. मी चष्म्यांचा माणूस आहे, वाचण्यात चूक करत नाही. कुणीतरी पट्ट्या बदलल्या आणि परत लावल्या. तू मागे उभी होतीस, बादलीत तोंड घालून. तेव्हाच कळलं कुणी.”

मी म्हटलं, “मग? अकरा दिवस होते. तुम्ही घरी यायचं, ओरडायचं, मला दोन ठेवून द्यायच्या. तिला चिठ्ठी द्यायची.”

तो म्हणाला, “ऐक. गाडीचं ठरल्यापासून तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुझे बाबा काय करतील, नोकरी कुठे, राहायचं कुठे. साडेपाचची गाडी सुटली. मी एकटा उभा होतो. मला रडायला यायला हवं होतं. मला भूक लागली. स्टँडसमोर बसून मी पोटभर जेवलो. वरून परत मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या बघितल्या आणि वाटलं, आता बोललो तर परत ते तीन दिवस. मग नाही बोललो. एक दिवस नाही बोललो, दुसऱ्या दिवशी ते सोपं गेलं. अकरा दिवस फार नसतात गं.”

मी विचारलं, “मग इतके दिवस मला का विचारत होतात, ती का आली नाही म्हणून?”

“तू सांगतेस का ते बघत होतो. तू सांगितलं असतंस तर मीही सांगितलं असतं.” मग हसला, आणि खोकला आला. “दोघेही एकमेकांची वाट बघत बसलो.”

“आणि ती पिवळी शेवंती? ताईने पाठवलीय म्हणून मी सांगत होते ती?”

“ती तिची नव्हतीच. तिच्या लेखी मी तिला पांढरी दिलेली. ती कशाला मला पिवळी पाठवेल? पण बघायला बरं वाटायचं. रोज चार वाजायची वाट बघायचो.”

मी एवढ्या खोड्या केल्या, ताई, पण तीन वर्षं कुणाला चकवणं मला नसतं जमलं. त्याने माझ्यावर मात केली.

मग त्याने माझा हात धरला. म्हणाला, “ती आली तर तिला एवढंच सांग की पट्ट्या तू बदललेल्या. माझं जेवणाचं नको सांगू. तुला काय, तू आधीच बदनाम आहेस.” मी म्हटलं, बरं. मरणाऱ्या माणसाला आणखी काय म्हणतात?

तेव्हा हे सगळं असं आहे. दोन दिवस माझ्या मनात होतं की त्याचं ऐकावं. तुला वाटू दे, की एक माणूस तुझ्यासाठी तिकिटं घेऊन उभा होता आणि एका कार्टीने घाण केली. छान दिसतं ते. तुला आयुष्यभर पुरलं असतं. पण तू त्याच्यापायी परवा घर सोडून निघणार होतीस. निघाली असतीस आणि इथे येऊन तुला काय मिळालं असतं, उलटी गादी. मग मी तुझ्याकडे बघून रोज गप्प बसले असते. मला ते येतं. तीन वर्षं केलंय.

भावजींना सोडायचं असेल तर सोड. तुझ्या घरात आत काय आहे ते मला काय कळणार, मला तर चेन बसवणारा माणूस एवढंच माहितेय. माझ्या खोलीत दुसरी गादी आहे, बाबांना मी बघून घेईन. पण सोडायचं तर तुझ्यासाठी सोड. त्याच्यासाठी नको. तो जेवला होता, ताई.

माझं पाप कमी व्हावं म्हणून हे लिहीत नाहीये. तो बोलला असता किंवा नसता, पट्ट्या मीच फिरवल्या. ते तसंच राहू दे.

आज सकाळी त्याच्या मामाने पुष्पचक्र सांगितलं. बाबांनी कडी घेतली आणि विचारलं, “कुठली ताजी आहे?”

“पांढरी शेवंती.”

बाबांनी भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझं तोंड बघून त्यांना काय समजलं कोण जाणे. म्हणाले, “बोल.” मी बोलले. सगळं, उभ्या उभ्या, हातात कात्री घेऊन.

मला वाटलं, आता स्टूल येतं डोक्यात. बाबा शेवंत्यांची बाहेरची काळी पडलेली पाकळी न् पाकळी काढत बसले. अर्ध्या तासाने म्हणाले, “तिचा फोन मी काढून घेतला होता. फोन असता तर फुलं कशाला लागली असती.” मग म्हणाले, “चक्र बांधायची तार दे.”

चक्र आम्ही दोघांनी मिळून बांधलं. पांढरंच बांधलं. ताजी तीच होती.

पोचवून आले आणि तक्त्यावरच्या सगळ्या पट्ट्या उतरवल्या. खिळे राहिलेत. दुपारी एक बाई आल्या, गुलाबी लिलीचा अर्थ काय म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, कालची आहे, चार दिवस टिकेल, पाणी रोज बदला. त्या जरा खट्टू झाल्या. पण घेऊन गेल्या.

तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. तोंड बघणार नाही म्हण, हात तोडते म्हण, ये म्हण, येऊ नको म्हण. पण कागदावर लिहून म्हण, सरळ, तुझ्या अक्षरात. फूल पाठवू नकोस.

विंचू